तिसऱ्या खणात

या खेळात कुणी मरत नाही.
तलवार नाही, घड्याळ लावून पळणं नाही.
एक मुलगी आहे, तेवीस वर्षांची,
मकरपुऱ्यात व्हॉल्व्हच्या कारखान्यात बिलं टाइप करते
आणि संध्याकाळी बसमधून एक थांबा आधीच उतरते,
उगाच,
घर जरा उशिरा यावं म्हणून.
खाली पट्टी. पट्टीत तिचं बोलणं
अक्षर अक्षर उमटत जातं.
मधेच दोन वाटा येतात,
एकीवर बोट ठेवायचं. बस.

शब्द माझे. चित्रं हेरंबची.
त्यानं काळ्या घोड्याचा पूल काढला,
खालची विश्वामित्री काढली,
आणि काठावर चिखलाच्या रंगाची मगर,
जी चौथ्यांदा बघितल्यावर दिसते.
सेव-उसळीचं दुकान काढलं,
टेबलावरचा तरीचा डागसुद्धा.
"हा कुणी बघणार नाही," मी म्हटलं.
"मी बघितलाय ना," तो म्हणाला.

मुलीला चेहरे पाच.
हसू, राग, दचकणं, बोलता बोलता गप्प,
आणि पाचव्याच्या फाइलीला त्यानं नाव दिलंय
नुसतं 'रविवार'.
सगळ्यात जास्त तोच वापरला गेला.

वासी उत्तरायणाला तो गेला.
गच्च्यांवर लोक अजून ओरडत होते.
टॅक्सीच्या टपावर एक कापलेला पतंग येऊन पडला,
ड्रायव्हरनं तो घडी करून डिकीत टाकला,
पोरासाठी.
कॅनडातून तीन फोन आले.
मग तिथं बर्फ पडला, मग इथं ऑडिट लागलं.
चौदाव्या चित्रात आभाळभर पतंग आहेत,
दोरे काढायचे राहिलेत.
मी ते तसंच लावलं.

काल बाबा म्हणाले, दाखव तरी.
औषधांच्या कंपनीत एकतीस वर्षं शिफ्टा केलेला माणूस
चष्मा कपाळावर सरकवून
प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचत गेला,
गावाकडचं पत्र वाचावं तशी.
"यात जिंकायचं कसं?"
"जिंकायचं नसतं."
"मग मार्क?"
"मार्कही नाहीत."
"बरं," म्हणाले, आणि पुढं वाचायला लागले.

हॉलचं चित्र आलं तेव्हा वाकून बघितलं.
"ही माझी खुर्ची.
पण हात डावा तुटलाय गं.
यानं उजवा तुटलेला काढलाय."

मग तो फोनचा प्रसंग.
मुलगी रस्त्यावर, पट्टीत तिचे वडील:
आवाज असा का येतोय? बरी आहेस ना?
खाली दोन वाटा.
हो.
नाही, बाबा.
हा खेळ मी साठेक वेळा तपासला असेल,
दर वेळी बोट पहिलीवर.
दुसरीच्या पुढं काही लिहिलेलंच नाही,
लिहीन लिहीन म्हणत दोन वर्षं.

बाबांनी दुसरी दाबली.

पडदा काळा.
पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली.
"इथं काही येत नाही."
"तिथं अजून काही नाहीये."
"येईल का? थांबू?"
मी म्हटलं, चहा टाकते.
आलं संपलं होतं, मला माहीत होतं,
तरी डबे उघडत राहिले.

बाहेर आले तर ते झोपायला गेलेले.
जाताना मी शिकवलं होतं तसं,
एक पाऊल मागं येऊन
खेळ जपून ठेवला होता
तिसऱ्या खणात.
तारीख, दहा वाजून चाळीस,
आणि नखाएवढ्या चौकटीत तोच रस्ता,
दोन्ही वाटा तशाच,
चेहरा रविवार.

त्यांच्या कपावर बशी ठेवली.
माझा प्यायले.
फाइल उघडून बसले,
आणि रात्री एकपर्यंत एवढंच केलं:
खुर्चीचा उजवा हात जोडला,
डावा तोडला.