सोंगची वेस

बॅरो गावात पाऊस येत नाही, तो तिथे राहतोच.
रात्रपाळीच्या आधी मी डाल्टन रोडवर
यिप म्हाताऱ्याच्या दुकानात शिरतो,
चिप्सवर व्हिनेगर जरा जास्तच मागतो,
आणि तो विचारतो, रोजच विचारतो,
"आज किती पाणबुड्या राखणार?"
"फक्त फाटक," मी सांगतो. "पाणबुडी मला दिसतही नाही.
मला दिसतात बिल्ले, आणि बिल्ल्यांमागचे पेंगुळलेले चेहरे."

मंगळवारी गिऱ्हाईक नव्हतं.
यिपने कमरेचा पट्टा सोडला, काउंटरवर गोल मांडला.
"हे शहर. सोंग."
मला हसू आलं. म्हटलं, आमच्यात सोंग म्हणजे
तोंडाला रंग फासून उभं राहणं.
"चालेल," तो म्हणाला, "राज्यं तशीच उभी असतात."

मग चिप्सचे लाकडी काटे त्याने एकेक टेकवले:
या शिड्या, ढगापर्यंत जाणाऱ्या,
छूच्या बलाढ्य राजासाठी एका कसबी सुताराने केलेल्या.
आणि ही बातमी ऐकून मो नावाचा दुसरा कारागीर
दहा दिवस, दहा रात्री चालत आला,
अंगरख्याच्या चिंध्या तळव्यांना बांधत.
मो म्हणजे शाई.
किंवा कैद्याच्या कपाळावरचं गोंदण.
यिपलाही नक्की ठाऊक नाही.

राजासमोर बसून दोघे खेळले.
नऊ वेळा काटे पट्ट्यावर चढले,
नऊ वेळा यिपच्या बोटाने खाली आले,
एक तर तेलात पडला, चरचरला.
शिड्या संपल्या. तटाकडे अजून युक्त्या शिल्लक होत्या.
"आणि लढाई झालीच नाही,"
यिप इतक्या साधेपणी म्हणाला,
जणू गॅस बंद केला.

देव मानायचा का तो?
मानायचा. पण मेलेल्याबरोबर सोनं पुरणं,
वर्षानुवर्षं सुतक, दारात वाजंत्री, याचा त्याला राग.
तीन बोटं जाड फळीची पेटी पुरे, म्हणे,
उरलेलं लाकूड जित्या माणसाच्या छपराला.
आणि शेजारच्या पोराचा ताप
आपल्या पोराच्या तापाइतकाच कढत मोजायचा.
"इथे अडतं," मी म्हणालो.
"सगळ्यांचंच अडतं. त्याच्या चेल्यांचंही अडलं असेल."

माझे बाबा खडकीला दारूगोळा कारखान्यात टर्नर होते.
दसऱ्याला लेथला झेंडूची माळ,
आणि माझ्या दप्तरालासुद्धा मशीनच्या तेलाचा वास.
चाळीतल्या कुणाचंही पोर आजारलं
की खांद्यावर टाकून दवाखान्यात नेणारा माणूस
दिवसाला किती कवचं कातायचा, मी विचारलं नाही.
माझी फी त्यातूनच भरली.
हे यिपला सांगितलं नाही. चिप्स गार होत होत्या.

गोष्ट संपली नव्हती.
परतीच्या वाटेवर मो सोंगच्याच वेशीशी पोचला.
धो धो पाऊस. म्हणाला, जरा आडोशाला घे.
रखवालदाराने घेतलं नाही.
"मग?"
"मग काय. भिजला असेल."
"आणि रखवालदाराचं काय झालं?"
यिपने पट्टा उचलून कमरेला घातला, एक भोक आत.
"हे मला पन्नास वर्षांत कुणी विचारलं नाही."

पहाटे तीनला फाटकाच्या दिव्याखाली कुणीतरी आलं,
टोपी कपाळभर ओढलेली, पिशवी छातीशी.
बिल्ला मागितला. नव्हता.
"नुसता पाऊस थांबेपर्यंत," तो म्हणाला.
नियम मला पाठ आहेत.
इथला पाऊस थांबत नाही, हेही.
मी खिडकी सरकवून माझी छत्री बाहेर दिली.
फाटक उघडलं नाही.
तो वॉल्नी बेटाच्या पुलाकडे निघून गेला,
छत्री न उघडताच.

नोंदवहीत मी वेळ लिहिली.
नावाच्या रकान्यात पेन नुसतं टेकून राहिलं,
इतका वेळ, की शाई
खालच्या पानापर्यंत उतरली.