विषय बदलाचा अर्ज

शहाद्याच्या कॉलेजात खिडकी क्रमांक दोन.
जाळीमागं अंबालालभाऊ, त्यांच्या कपाचा कान तुटलेला.
मी कागद सरकवला:
गणित सोडायचं आहे. कारण...
कारणासाठी छापील दोनच ओळी.

दोन ओळींत काय काय लिहू?
की पहाटे साडेपाचला मोहिद्याहून सायकल,
सातला फिजिक्स, मग केमिस्ट्री, मग जर्नलं,
दुपारी दोनला नीटचा क्लास,
रविवारी टेस्ट,
सोमवारी त्या टेस्टची लाज.

की गणित मी घेतलंच नव्हतं.
ते आत्याच्या मिस्टरांनी घेतलं, माझ्या नावावर.
"असू दे सोबत, इंजिनिअरिंगचा दरवाजा उघडा राहील."
वर्षभर त्या उघड्या दरवाजातून
नुसता वारा येतोय
आणि बायोलॉजीची पानं उडतायत.

आई म्हणाली,
"सोडी दे वं माय. ढोरेस्ना डॉक्टर व्हवाले काय गणित लागस?"
लागतं गं.
किलोमागं किती मिली, हे दवाखान्यातले वळवीभाऊसुद्धा
बोटांच्या पेरांवर मोजतात.
पण तेवढं मला येतं.

हेच वळवीभाऊ कोळपणीत आले होते.
मोऱ्याच्या मानेवर तळहात ठेवला,
डोळे मिटून, जसं कुणी दाराला कान लावतं,
आणि म्हणाले, "खांदेसूज."
ओझं जास्त झालं का, मी विचारलं.
"ओझ्याचं काही नाही.
जोडीला उंच बैल लावला ना याच्या,
जू कललं.
भार रोजचाच, पण एकाच जागी घासत राहिला."
मलम माझ्या हातात दिलं. पंधरा दिवस जुंपू नका, म्हणाले.
बाबा काही बोलले नाहीत,
जू उचलून भिंतीला टेकवलं.

कारणाच्या ओळीत मी शेवटी लिहिलं:
"पशुवैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी."
गिरासे सरांना सांगायला गेले नाही.
माझी इंटिग्रेशनची वही त्यांच्याकडेच आहे,
मागच्या पानावर शेळी काढलेली.
दिसलीच असेल त्यांना.

अंबालालभाऊंनी चष्मा वर केला.
"विषय सहाच लागतात, बेटा.
एक उतरवला की दुसरा चढवावा लागतो.
बोल, काय लिहू?"
मला वाटलं होतं, रिकामी जागा मिळेल.
एक तास.
एक तास नुसतं बसायला, निंबाखाली.
"भूगोल," मी म्हणाले,
शेजारच्या वर्गात तोच चालू होता म्हणून.

रात्री नकाशा उघडला.
शिरवळ सापडलं नाही, फारच लहान दिसतंय.
परभणी सापडलं.
उदगीरला बोट पोचेना,
म्हणून आईच्या डब्यातला दोरा ताणला:
शहाद्यापासून एक वीत आणि वर तीन बोटं.
किती मार्कांना नंबर लागतो
ते दोऱ्याला काय कळणार.
गुंडाळून पुस्तकात ठेवला, खूण म्हणून.

मग पाणी ठेवायला गोठ्यात गेले.
मोऱ्या उभाच होता.
बॅटरीच्या उजेडात बघितलं,
खांद्यावर केस आलेत पुन्हा,
पांढरे आलेत.