खाकी

तंबाखूच्या वखारीत साडीवर पुरुषी शर्ट घालतात,
सगळ्याच.
कुणी भावाचा, कुणी पोराचा शाळेतला,
फकिरव्वाचा तर जावयाचा, लग्नातला, चॉकलेटी.
माझा खाकी.
आमच्या मालकांचा. निपाणी डेपो, कंडक्टर.

नवा हुता तवा माझ्याशी बोलायचा न्हाई.
इस्त्री केली की पत्र्यागत उभा ऱ्हायचा खुंटीवर.
कॉलरीनं मालकांची मान सोलवटायची,
रात्री मी खोबरेल लावायची.
मग सात वर्सं चिकोडी-रायबाग, रायबाग-चिकोडी.
पिशवीच्या पट्ट्यानं डावा खांदा पांढरा केला,
चिल्लरीनं खिसा खाली वढला,
सौंदलग्याच्या वळणावर पेन फुटलं
त्याचा डाग अजून हाय, निळा,
मान वळवलेल्या बदकागत.
कॉलर झिजली तवा टेलरनं ती उलटी करून लावली,
ती बी झिजली.
तवा कुठं शर्ट माणसात आला,
आणि माझ्याकडं आला.

पहिल्या दिवशी मालू वरडली,
"टिकेट तगोरी, टिकेट!"
तवापासनं वखारीत माझं नाव अक्काताई न्हाई, कंडक्टर.
जेवणाच्या सुट्टीत शमशाद हात पुढं करती,
"एक संकेश्वर, एक हाफ."
मी म्हणती, सुट्टे द्या.

औंदा शेठनं नवे एप्रन दिले.
छातीवर कंपनीचं नाव, दोन भाषांत.
मला दोन्ही वाचाय येत न्हाईत,
तवा भांडण न्हाई.
पण कोपर वाकवायचं तर त्याला इचारून वाकवायचं.
बसलं की पोटावर खरखर, उठलं की पाठीवर.
तंबाखूची धूळ त्याच्यावर टिकतच न्हाई,
घरंगळती ती थेट गळ्यात.
खाकी धूळ पिऊन घेतो, गप ऱ्हातो.
आणि खिसा न्हाई हो एप्रनला!
किल्ली कुठं ठेवायची, सुपारी कुठं,
हात तरी कुठं ठेवायचा बाईमाणसानं
उगंच उभं ऱ्हायचं झालं तर?

तिसऱ्या दिवशी खाकी घालून गेले.
सुपरवायजर म्हणाला, एप्रन कुठाय?
म्हटलं, धुवायला टाकलाय.
दिवाळीपासनं धुतीया.

मार्चात मालक रिटायर झाले.
शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ,
आणि सुवर्णानं बेळगावास्नं, खडेबाजारातनं,
आणलेला पांढरा शर्ट. टाचण्या काढता काढता
दोन बोटांत टोचल्या त्यास्नी.
तो घालून कट्ट्यावर बसतात,
डावा खांदा अजून खाली,
जणू पिशवी हायच.
समोरनं एसटी गेली की आधी नंबर वाचतात,
मग शर्टावर काय सांडलं न्हाई ना, बघतात.

एक दिवस सांजचं म्हणाले,
"ती खाकी दे की जरा."
दिली. काय इचारलं न्हाई.
आरशाम्होरं उभं ऱ्हायले.
बाह्या मी दुमडती तिथंच दुमडल्या आपोआप,
कोपराचा फुगा त्यांच्या कोपराखाली वीतभर,
छातीवर बटणं लागंनात.
खांद्यावरचा पांढरा पट्टा तेवढा जाग्यावर बसला,
त्यावर त्यांनी हात फिरवला.
मग शिंका. एक, दोन, चार.
सवयीनं खिशात हात घातला:
किल्ली, अर्धी सुपारी, दोन रुपये.
"कुणाचं तरी सुट्टं द्यायचं ऱ्हायलंय तुझं,"
म्हणाले, आणि काढून दिली,
घडी न घालता.

सकाळी वखारीला निघाले,
तर मागनं आवाज,
"तिसरं बटण तुटलंय गं."
ठावं हाय मला.
असू दे.