मावुतोची मेगन

आम्ही अकरा जण, बारा दिवस, तेवीस बॅगा.
ब्लँटायरच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं विचारलं,
एवढे टूथब्रश?
पाळकसाहेब म्हणाले, अनाथांसाठी.
त्यानं शिक्का मारला. हसला की नाही, आठवत नाही.

झोंबाच्या डोंगराखाली, मक्याच्या शेतांपलीकडे ते घर.
मुलं ओळीत उभी, गाणं तोंडपाठ,
टाळ्या नेमक्या जागी.
आमच्या येण्याची सवय
आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त होती.

पहिलं काम, भिंत.
पोपडे खरवडताना निळ्याखाली पिवळा निघाला,
पिवळ्याखाली इंद्रधनुष्य,
त्याखाली नोहाचं तारू
आणि खिडकीतून मान काढलेला अर्धा जिराफ.
दरसाल कुणीतरी समुद्र ओलांडून आलं होतं
आणि हीच भिंत प्रेमानं रंगवून गेलं होतं.

अगोगो एनिफा चुलीपाशी पीठ मोजत होती.
नवा मका यायला अजून दोन महिने,
ती वाटी भरून काठावरून बोट फिरवायची,
सांडलेलं पुन्हा पोत्यात.
नातवाकरवी म्हणाली,
भिंत छान जाड झालीये, वारा लागत नाही.
छप्पर तेवढं कुणी रंगवत नाही.
तिच्या मागे बादलीत
टप्
टप्.

जानेवारीत तिथे रंग वाळत नाही,
हे आम्हाला तिथे जाऊन कळलं.

मी ब्रश खाली ठेवला.
वडील शिंपी होते, मला येतं ते एवढंच.
दारात बसले, सुई ओवली,
सदरे यायला लागले,
बटणं नसलेले, काजं फाटलेले, एकाला तर बाहीच नाही.

तो तिसऱ्या दिवशी आला. सहा-सात वर्षांचा.
सदरा मांडीवर टाकला, म्हणाला, मेगन.
मी म्हटलं, मेगन नाही, सुलभा.
तो म्हणाला, मेगन. पाच बटणं.
त्याचं नाव मावुतो. म्हणजे संकटं.
आमच्याकडेही पोर जगावं म्हणून
दगडू, धोंडू ठेवत, दृष्ट फसावी म्हणून.
इथे कुणाला फसवायचं नव्हतं.
जे घडलं, तेच नाव.

तो सगळ्याच बायांना मेगन म्हणतो, अगोगो म्हणाली.
पहिली मेगन आली तेव्हा हा नुकता चालायला लागला होता.
तिच्या कडेवरून उतरायचा नाही.
जाताना म्हणाली, परत येईन.

रात्री मच्छरदाणीत गुडघे पोटाशी घेऊन प्रार्थना केली:
प्रभू, मला वापर. मला नम्र कर. माझे हात घे.
आणि मध्येच थांबले.
प्रत्येक वाक्यात मीच होते.
बाहेर बादली भरून वाहत होती.
उठले, ओतून आले.
आमेन म्हणायचं राहूनच गेलं.

सहाव्या दिवसापासून मी मेगनला ओ द्यायला लागले.

शेवटच्या सकाळी पुन्हा ओळ, पुन्हा गाणं, हे निरोपाचं.
आमच्यातले बरेच रडले. मुलं गायली.
पाळकसाहेबांनी उरलेले पैसे
पत्र्यांसाठी अगोगोच्या हाती दिले.
पुरणार नव्हते, तिनं मोजूनच सांगितलं,
आणि तरी दोन्ही हातांनी घेतले.

मावुतो गाडीच्या चाकापाशी उभा होता,
पाचही बटणं गळ्यापर्यंत लावून, त्या उकाड्यात.

माझ्या घरात उंबऱ्यावरून कुणी जाते म्हणत नाही.
अशुभ असतं. येते म्हणायचं.
आईला दवाखान्यात नेलं तेव्हा
स्ट्रेचरवरून तीसुद्धा येते म्हणाली होती.
शब्द ओठांपर्यंत आला, सवयीनं.
मी तो गिळला.
त्याच्यासमोर उकिडवी बसले
आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं,
जाते.

नातवानं त्याच्या भाषेत सांगितलं.
मावुतोनं ऐकून घेतलं,
मग वरचं बटण काढलं,
आणि बादली ओतायला आत गेला.