मोड

दारं उतरवल्यापासून सरोवरावरचा वारा
तळमजल्यावर मोकाट हिंडतो.
अत्तरांचा काउंटर इथे होता, पलीकडे हातमोजे, छत्र्या.
त्याला आता कुणी विचारत नाही, "काय दाखवू?"

लिंडग्रेन अँड हॉइट, सुपीरियर स्ट्रीट, डुलूथ.
सात मजले. कोपऱ्यावर घड्याळ, पावणेचारला अडलेलं.
त्याच्याखाली भेटायचं ठरवलेली माणसं
आली असतील, वाट पाहून गेली असतील,
काहींची लग्नं झाली असतील दुसऱ्याच कुणाशी.

आराखड्यात सगळं निळ्या रेघांत आहे:
पडद्यांच्या विभागात दातांचा दवाखाना,
फर्निचरच्या मजल्यावर एकेका खोलीची घरं,
आणि चहाच्या दालनात,
जिथे चमचा पडला तरी माना वळायच्या,
पाळणाघर.
इमारत जगवायची तर तिला काम द्यावं लागतं,
आर्किटेक्ट बाई म्हणतात, आणि खांबावर थाप मारतात,
बाजारात म्हशीच्या पाठीवर मारावी तशी.

रोरी कांगास भिंती उघडतो.
कान लावायचा, ठोकायचं, मग फोडायचं, हाच त्याचा धंदा.
चौथ्या मजल्यावर प्लास्टरमागे त्याला पितळी नळ्या लागल्या,
सगळ्या वर, रोखपालाच्या खोलीकडे जाणाऱ्या.
तेव्हा पैसे हवेवर जायचे.
डबीत नोट आणि पावती घालून झाकण फिरवलं
की नळी ती गिळायची,
आणि थोड्या वेळाने वरून
सुस्कारा टाकत मोड परत यायची.

एका वाकणात एक डबी अडकून होती.

करडे हातमोजे, एक जोड, तीन डॉलर पस्तीस.
गिऱ्हाईक श्रीमती हॉगलुंड, दिले पाच.
विक्रेती क्रमांक एकेचाळीस. नोव्हेंबर, अठ्ठावन्न.
एक डॉलरची नोट, तिच्यात गुंडाळलेली नाणी,
इतकी थंड, जणू आत्ताच कुणी बाहेरून आणली.

काचेच्या पेटीत ठेवू, लॉबीत, विकासक म्हणाले,
वरून एक दिवा सोडू.
रोरीने मान हलवली
आणि संध्याकाळी डबी जेवणाच्या डब्यात घातली.

एकेचाळीस क्रमांक सापडायला फार दिवस लागले नाहीत.
ह्या गावात हिवाळा एवढा लांब असतो
की कोण कुठे कामाला होतं, सगळ्यांना पाठ.
आर्डिस मोएन, वय शहाऐंशी, टेकडीवरचं लाकडी घर.
दार उघडताना पाठ आपोआप ताठ.
"वीस मिनिटं उभ्या होत्या त्या बाई," ती म्हणाली,
"बूट आपटत. शेवटी मी माझ्या पर्समधून दिले.
वरचे म्हणाले, आम्ही पाठवलेत, तूच ठेवले असशील.
नोकरी नाही गेली.
पण नाताळच्या खिडक्या सजवायला
मला पुन्हा कधी बोलावलं नाही."

टेबलावर तिने नोट उलगडली.
बोटाच्या टोकाने नाणी ओढून घेतली, एकेक.
ओठ हलत होते.
पुन्हा मोजली.
"पाच सेंट कमी आहेत."
रोरीने खिसा चाचपला.
"तू कशाला देतोस? वरच्यांनीच कमी पाठवले होते.
म्हणजे पोहोचले असते, तरी भांडण माझ्याच गळ्यात!"
आणि ती हसत सुटली, चष्मा काढून ठेवावा लागला इतकी.

डबी तिने परत दिली. पैसे ठेवून घेतले.

पाळणाघर मार्चमध्ये सुरू झालं.
खिडकीत, जिथून खनिजाची जहाजं दिसतात,
पोरांनी ओल्या कापसावर घेवड्याचे दाणे मांडलेत.
काहींना मोड आलेत, काही नुसतेच फुगून बसलेत.
रोज सकाळी उचलून बघतात, नको म्हटलं तरी.

घड्याळ अजून पावणेचारलाच आहे.
त्याचं एक चाक कुठून तरी यायचंय.