थंडीत बिघडते

उणे चौदा.
गाडीतून काढून बाकावर ठेवली, तेव्हा पेटीवर हिरवा दिवा होता.
उर्मास म्हणतो, दिव्यावर जाऊ नकोस,
दिव्याची तार वेगळी असते.

बारा तोंडांचा स्पीकर वेदीपुढे.
माइक पाचव्या रांगेत, बसलेल्या माणसाच्या कानाइतका उंच.
खर्जातून निघून शिट्टीपर्यंत चढणारा एक लांब स्वर सोडायचा,
भिंती त्यातलं काय परत करतात ते मोजायचं.
बेटावरचं शेवटचं चर्च, मग संध्याकाळची बोट.

पहिल्याच खेपेला आलेखावर काटे उगवले.
खाली एक संथ घरघर,
वर मधूनच तड्, तड्,
कुणी सुकी काटकी मोडावी तसं.

लॅपटॉपचा चार्जर काढला. घरघर गेली.
काटे राहिले.
केबल बदलली. माइक बदलला.
डाव्या भोकातून उजव्या भोकात घातलं.
फँटमचे अठ्ठेचाळीस व्होल्ट मोजले, अठ्ठेचाळीसच होते,
साळसूद.
मग आम्ही चर्चवर घसरलो.
लाकूड आखडत असेल, मी म्हटलं.
छपरावरचा बर्फ, उर्मास म्हणाला.
किल्ली घेऊन आलेली लेइडा दाराशी उभी होती,
तिने मान हलवली:
"माझं छप्पर करकरतं. तडतडत नाही."

तिचं ऐकायला आणखी वीस मिनिटं लागली.

शेवटी पेटीचं तोंड पेटीच्याच कानाला लावलं.
वीतभर वायर, मध्ये ना हवा, ना भिंत, ना देव.
बोल म्हटलं, आणि स्वतःचंच ऐक.
तड्.
तड्. तड्.

म्हणजे सकाळपासून
आम्ही एका दगडी इमारतीवर आळ घेत होतो.

आत कुठेतरी एक डाग सुटला असणार,
केसाएवढी चीर,
थंडीने आकसून उघडणारी.
सोल्डर घरी, तालिनमध्ये, टेबलाच्या दुसऱ्या खणात.
मी अंगठ्याने झाकण दाबलं, तडतड थांबली,
अंगठा उचलला, पुन्हा सुरू.
उर्मास हसला नाही. त्याने घड्याळ पाहिलं.

लेइडाने काही विचारलं नाही.
पेटी उचलली,
कोटाची तीन बटणं सोडली, आत लोकरीची बंडी, बंडीच्या आत पेटी,
आणि बाकावर बसून राहिली
खुडूक कोंबडीसारखी, नजर कुठेच नाही.
थर्मासमधली कॉफी आम्ही दोघं प्यायलो.
तिने नको म्हटलं, हात गुंतलेत.

अर्ध्या तासाने तिच्या बटणांमधून दोन वायरी बाहेर काढल्या.
"श्वास हळू घ्या," उर्मास म्हणाला.
"या वयात हळूच येतो."

स्वर निघाला.
पायांखालून आला, गुडघ्यांत आला,
बाकांच्या फळ्यांतून चढत चढत
इतका बारीक झाला की मला ऐकू येईना,
लेइडाला तर केव्हाच येईनासा झाला असेल.
मग तो भिंतींकडून परत येत राहिला,
सावकाश, जाणाऱ्या पाहुण्याने
दारात उभं राहून बोलत राहावं तसा.

आलेख स्वच्छ. एकही काटा नाही.

"किती?" तिने विचारलं.
तीन पूर्णांक एक सेकंद.
"माणसं भरली की कमी होतो ना?"
होतो. माणसं आवाज पितात. जाड कोट तर फारच.
ती बोटांवर काहीतरी मोजत होती.
"मग माझ्या लग्नात दोनसुद्धा नसेल.
नंतर दर वर्षी थोडा थोडा वाढला असणार.
तुम्ही उशिरा आलात मोजायला."

उर्मासने वहीत लिहिलं:
मोजमापाच्या वेळी हजर माणसं, तीन.
एक बसलेली.

बोटीच्या रांगेत मी पेटीवर पांढरी पट्टी चिकटवली,
पेनची शाई गोठली होती, ते काखेत धरलं,
मग लिहिलं: थंडीत बिघडते.
झाकणाच्या फटीत राखाडी लोकरीचा एक धागा अडकला होता.
सोल्डर करताना काढावा लागेल.
आत्ता राहू दे.