ऐन

निधनवार्तांच्या खिडकीत मी सव्वीस वर्षं बसले,
प्रभादेवीला, तळमजल्यावर, जिन्याखाली,
जिथे पंखा लागायचा तो फक्त कागदांना.

तिरोडकर मुद्रितशोधक. लाल रिफिल, कानात कापूस.
त्यांचा नियम: साठीच्या आत असेल तरच ‘अकाली’.
साठ भरली की ‘दुःखद’.
ऐंशीपुढे ‘वृद्धापकाळाने’.
ओळीचा दर तिन्हींना एकच.

लोक भांडायचे.
शिवडीची एक बाई, नवरा बासष्टचा, म्हणाली,
अहो, लग्नच आमचं पन्नाशीत झालं,
बारा वर्षांत काय काळ पुरा होतो?
तिरोडकरांनी चष्मा पुसला.
नियम पुसला नाही.

‘अवकाळी’ पहिल्या पानावरचा,
तो पावसाला, आणि पाऊसही नाशिककडचा.
आमच्या पानावर तो कधी उतरला नाही.
‘अवेळी’ घरातला:
अवेळी झोपू नये, अवेळी केस विंचरू नयेत,
अवेळी फोन वाजला की आई
आधी देवाकडे बघायची, मग फोनकडे.

आणि ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’
हे खिडकीत कुणीच म्हणत नसे.
असं म्हणायला मिळालेली माणसं
आमच्याकडे कशाला येतील?
एकदाच, माहीमचा एक मुलगा धापा टाकत आला:
जाहिरात रद्द करा, आजोबांनी डोळे उघडले,
चहा मागतायत, वर साखर कमी म्हणतायत.
पैसे परत मिळत नाहीत, मी म्हटलं.
तो म्हणाला, असू द्या. जमा ठेवा.

मला छळलं ते ‘ऐन’नं.
ऐन म्हणजे नेमकं, बरोब्बर, काट्यावर काटा.
आणि तरी ऐन वेळी होतं काय?
ऐन वेळी लिफ्ट बंद.
ऐन वेळी ब्लाउजचं हूक.
ऐन वेळी मुलाकडचे म्हणतात, पत्रिका पुन्हा बघू.
(हे माझंच. एकोणीसशे शहाऐंशी, दादरचा हॉल,
पाचशेची अनामत बुडाली.)

एका दुपारी तिरोडकरांना हे बोलले.
डब्यातली कारल्याची भाजी कडेला सारत ते म्हणाले,
‘ऐन वेळी धावून आला’ असंही म्हणतात ना.
मी विचारलं, कोण आला?
ते बराच वेळ आठवत राहिले.
मग कँटीनचा पोऱ्या ग्लास न्यायला आला.

माझा भाऊ श्रीरंग गेला तेव्हा एकसष्टचा.
साठीशांत होऊन सात महिने,
आहेरातली शाल अजून प्लॅस्टिकमध्ये.
फॉर्म मीच भरला, माझ्याच खिडकीत,
आणि ‘अकाली’ लिहिलं. मुद्दाम. ठळक अक्षरात.
करू देत लाल, म्हटलं, बघू.

सकाळी पेपर उघडला.
‘अकाली’ जागेवर होतं.
वयाची ओळ गेली होती.
तिचे पैसे पाकिटात घालून
टेबलाच्या काचेखाली सरकवलेले,
वर मोडक्या अक्षरात: एक ओळ कमी.

मी काही बोलले नाही. बोलायचं होतं.
त्या गणपतीत ते निवृत्त झाले.

दोन वर्षांनी, एका सोमवारी,
(सोमवारी रांग फुटपाथपर्यंत जाते,
रविवारचं सगळं साठलेलं असतं)
ते खिडकीत उभे. कापूस नव्हता, कानात मशीन होतं.
म्हणाले, ते परवा आठवलं. कोण आला ते.
मागून कुणीतरी खाकरलं.
मी म्हटलं, पाच मिनिटं हं, जरा बाजूला थांबता?
ते थांबले. बाजूलाच.
मी चार फॉर्म घेतले, चार शिक्के मारले,
सुटे नव्हते म्हणून एकाशी वाद घातला.
मान वर केली तर जिन्याखाली
ऊन तेवढं होतं, तेही सरकत चाललेलं.

ह्याला काय म्हणतात
ते मला ज्यांना विचारायचं असायचं
तेच आत्ता निघून गेले होते.

बाई, पुढच्या माणसानं विचारलं,
इथे ‘अकाली’ लिहिलं तर चालेल?
वय बघितलं. आई. चौऱ्याण्णव.

लिहा, मी म्हटलं.